आंबट फळांची नावे : 'क्रॅब ॲपल'पासून रातांब्यापर्यंत

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला भाषांतराचा स्वाध्याय म्हणून एका इंग्रजी कथेतील दोन परिच्छेद दिले होते. कथेतील वृद्ध स्त्री हिवाळ्यापूर्वी 'क्रॅब ॲपल जेली' करून बरण्या भरून ठेवते, एवढाच त्यांतील प्रसंग. एका विद्यार्थ्याने त्याचे 'खेकडा-सफरचंदांचा मुरंबा' असे भाषांतर केले. दुसऱ्याने कोश उघडून 'रानसफरचंदांची जेली' असे लिहिले. तिसरी विद्यार्थिनी रत्नागिरी जिल्ह्यातील होती. तिने सरळ 'रातांबे' हा शब्द घातला आणि समासात 'आमच्याकडे या कामाला हेच फळ' अशी टीप जोडली. वर्गात हशा पिकला तो अर्थातच पहिल्या भाषांतराला. परंतु पुढे विचार करता मला असे वाटू लागले की, या तीन चुकांपैकी सर्वांत बुद्धीची चूक तिसरी होय. ती चूकच होती, हे मात्र खरे. आणि ती का चूक होती हे सांगावयाचे झाले तर वनस्पतिशास्त्र, स्वयंपाकघर आणि शब्दांचा इतिहास या तिन्ही ठिकाणी जावे लागते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी वर्गात अपुऱ्या राहिलेल्या उत्तराचा विस्तार आहे.

प्रथम वस्तूकडे पाहू. सफरचंदाच्या 'मेलस' या प्रजातीत अनेक जाती आहेत. त्यांपैकी ज्यांची फळे लहान, साधारणतः दोन इंचांहून कमी व्यासाची असतात, त्यांना इंग्रजीत सरसकट 'क्रॅब ॲपल' म्हणतात. युरोपातील रानटी जात 'मेलस सिल्व्हेस्ट्रिस', उत्तर अमेरिकेतील 'मेलस कोरोनारिया', सायबीरियापासून हिमालयापर्यंत आढळणारी 'मेलस बक्काटा' या सर्व या नावाखाली येतात. आपण खातो ते गोड सफरचंद मुख्यतः मध्य आशियातील 'मेलस सिएव्हर्साय' या जातीपासून निपजले आणि पश्चिमेकडे येताना युरोपातील रानटी जातीशी त्याचा पुष्कळ संकर झाला, असे अलीकडील आनुवंशिक संशोधनावरून दिसते. म्हणजे क्रॅब ॲपल हे शास्त्रीय वर्गाचे नाव नाही. लहान, आंबट, तुरट, नुसते खाण्यास अयोग्य अशा फळांना व्यवहाराने दिलेले ते नाव आहे. त्यांतील कित्येक झाडे बागेत मुद्दाम फुलांसाठी लावलेली असतात. म्हणूनच कोशातील 'रानसफरचंद' हा प्रतिशब्द मला पसंत नाही. फळाची जी खूण व्यवहारात महत्त्वाची, ती सोडून जी अनेकदा लागूच पडत नाही ती त्याने उचलली आहे.

यातील 'क्रॅब'चा खेकड्याशी संबंध काय? बहुधा काहीच नाही. फळवाचक 'क्रॅब' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत अवतरतो. त्याचे मूळ निश्चित झालेले नाही. परंतु स्कॉटलंडकडील 'स्क्रॅब' हे रूप आणि स्वीडिश बोलीतील रानसफरचंदाला असलेला 'स्क्राब्बा' हा शब्द पाहता ते स्कँडिनेव्हियाकडून आले असावे, हे मत सर्वांत संभाव्य दिसते. एकाच उच्चाराचे दोन शब्द भाषेत शेजारी राहू लागले की, भाषिकांच्या मनात त्यांची सोयरीक जुळते. चिडखोर माणसाला लावले जाणारे 'क्रॅबेड' हे विशेषण खेकड्याच्या वाकड्या चालीवरून आले. परंतु पुढे त्याच्या अर्थात या फळाचा आंबटपणाही मिसळला. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील खोडकर पक एका म्हातारीच्या पेयात भाजलेल्या 'क्रॅब'चे रूप घेऊन तिच्या ओठांवर आदळतो. तेथे भाजलेले आंबट सफरचंद गरम मद्यात टाकण्याची इंग्रजी चाल अभिप्रेत आहे. मराठी अनुवादकाने तेथे खेकडा योजला तर रंगभूमीवर प्रेक्षक हसतील हे खरे, पण भलत्याच कारणासाठी.

आता स्वयंपाकाकडे. नुसते खाववत नाही असे फळ गृहिणी इतक्या आस्थेने का साठवते? त्याचे उत्तर त्यातील दोन द्रव्यांत आहे. पहिले द्रव्य आम्ल. सफरचंदाच्या आंबटपणाचे मुख्य कारण असलेले मॅलिक आम्ल शेले या स्वीडिश रसायनज्ञाने १७८५ साली सफरचंदाच्या रसातून वेगळे केले, आणि त्याचे नावही सफरचंदाच्या 'मालुम' या लॅटिन शब्दावरून पडले. दुसरे द्रव्य पेक्टिन. १८२५ साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'गोठणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. पेक्टिनचे लांब रेणू पाण्यात एकमेकांना दूर लोटत असतात. आम्लामुळे त्यांचा हा दुरावा कमी होतो. भरपूर साखर घातली म्हणजे ती त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेते. मग ते रेणू परस्परांत गुंतून जाळे तयार होते आणि रस थरथरता पण घट्ट होतो. आंबटपणा कमी असेल किंवा साखर पुरेशी नसेल, तर कितीही आटवले तरी पाकच हाती येतो. क्रॅब ॲपलमध्ये आम्ल व पेक्टिन ही दोन्ही विपुल असल्याने तेथील गृहिणी ते फळ साली-बियांसकट पाण्यात शिजवतात, कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवतात आणि आपोआप ठिबकलेला रस तेवढा साखरेबरोबर आटवतात. पिशवी पिळावयाची नाही, पिळल्यास जेली गढूळ होते, हा नियम आपल्याकडे पेरूची किंवा कवठाची जेली करणाऱ्या कोणासही सांगावा लागणार नाही. ब्लॅकबेरीसारख्या पेक्टिन कमी असलेल्या फळांत हे आंबट सफरचंद मिसळून त्यांना 'धरायला' लावणे हा त्याचा आणखी एक उपयोग. जेव्हा लिंबू इंग्लंडात दुर्मिळ होते, तेव्हा याच फळांचा रस आंबवून 'व्हर्जूस' नावाचे आंबट पाणी करीत व ते मांसाच्या कालवणात घालीत. फ्रान्समध्ये हेच पाणी कच्च्या द्राक्षांचे असे. शब्दही तिकडचाच, त्याचा अर्थ 'हिरवा रस'.

एवढे लक्षात घेतल्यावर 'मुरंबा' हा पहिल्या विद्यार्थ्याचा शब्द का चालत नाही तेही दिसते. मुरंब्यात फळाचा तुकडा राहतो व पाकात मुरतो. जेलीत फळ उरतच नाही. जाता जाता 'मुरंबा' या शब्दाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याचे मूळ अरबी 'मुरब्बा' हे होय. परंतु मराठी भाषिकाने त्यात 'मुरणे' हे क्रियापद ऐकले आणि 'आंबा' हे फळही ऐकले. लोकव्युत्पत्तीने शब्दाचे दोन तुकडे झाले, आणि 'आंबा' सुटा झाल्यावर त्या जागी 'आवळा' बसवून 'मोरावळा' तयार करणे सोपे गेले, असे मला वाटते. चुकीच्या विग्रहातून बरोबर शब्द निपजल्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यास मला सापडलेले नाही.

लोकव्युत्पत्तीचा दुसरा नमुना म्हणजे खुद्द 'सफरचंद'. या शब्दात प्रवासही नाही आणि चंद्रही नाही. अरबीत 'सफरजल' म्हणजे इंग्रजीत ज्याला 'क्विन्स' म्हणतात ते फळ. गुजरातीत त्याचे 'सफरजन' झाले व ते सफरचंदाला लागू पडले. मराठीत त्याच शब्दाच्या शेवटाला 'चंद' असे ओळखीचे रूप मिळाले. आता हे क्विन्स कसे? पिवळे, सुगंधी, दगडासारखे कठीण, तुरट. नुसते खाता न येणारे, पण शिजवताच मऊ, गुलाबी व रुचकर होणारे. पेक्टिन त्यात इतके की, पोर्तुगीज लोक त्याच्या वड्या पाडतात. त्या वड्यांच्या नावावरून 'मार्मालेड' हा शब्द युरोपभर पसरला. म्हणजे आपण ज्या नावाने गोड सफरचंद ओळखतो ते नाव मुळात एका आंबट-तुरट, केवळ स्वयंपाकाच्या फळाचे आहे. काश्मीरमध्ये याच्या नेमके उलट घडले आहे. तेथे सफरचंदाला 'चूंठ' म्हणतात आणि क्विन्सला 'बमचूंठ'. वांग्याबरोबर शिजवलेले बमचूंठ हे तेथील घरगुती कालवण आहे. मराठीने क्विन्सचे नाव सफरचंदाला दिले. काश्मिरीने सफरचंदाच्या नावातून क्विन्सचे नाव घडविले. दोन्ही ठिकाणी नाव देणाऱ्याला एक फळ परिचित व दुसरे परके होते, आणि परक्याला परिचिताच्या दाराने घरात घेतले गेले.

ही नामकरणाची रीत फार जुनी आहे. जुन्या इंग्रजीत आजच्या 'ॲपल'चे पूर्वरूप कोणत्याही फळाला लावता येत असे. लॅटिनमधील 'पोमुम' म्हणजे फळ. फ्रेंचमध्ये 'पोम' म्हणजे सफरचंद, पण बटाटा मात्र 'जमिनीतले सफरचंद'. फारसीतही बटाट्याचे नाव तसेच आहे. डाळिंबाचे इंग्रजी नाव 'दाणेदार सफरचंद' या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून बनले आहे, आणि टोमॅटोला इटालियन लोक सोन्याचे सफरचंद म्हणतात. युरोपीय मंडळी हिंदुस्थानात आली तेव्हा हीच सवय बरोबर घेऊन आली. सीताफळ, कवठ, जाम, काजूचे बोंड या एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या चार फळांना इंग्रजांनी 'ॲपल' ठरवून टाकले ते यामुळेच. त्यांच्याही आधी, १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने बोरांचा उल्लेख 'आम्ही येथे वापरतो ती सफरचंदे' अशा आशयाच्या शब्दांत केला. त्याच दहाव्या संवादात बोरांच्या जोडीला त्याने आणखी एक फळ घेतले आहे, त्याकडे आपण परत येऊ.

युरोपात जे स्थान 'ॲपल'चे, ते आपल्याकडे कोणत्या फळाचे? माझ्या मते आंब्याचे. येथे ध्वनिशास्त्राचा थोडा आधार घेतला पाहिजे. संस्कृत 'आम्र' यातील म् आणि र् यांच्या सांध्यावर प्राकृतात ब हा स्पर्शवर्ण उत्पन्न होतो व 'अंब' हे रूप मिळते; तसेच 'ताम्र'चे 'तंब' होऊन मराठीत 'तांबे' येते. 'अम्ल' म्हणजे आंबट. तेथेही म् आणि ल् यांच्यामध्ये तोच ब येतो, शिवाय एक स्वर शिरतो आणि 'अंबिल' हे रूप मिळते. आपली 'आंबील' ती हीच. परिणाम असा झाला की, संस्कृतात वेगळी असलेली दोन पदे मराठीच्या उंबरठ्यावर जवळजवळ एकरूप होऊन आली. आंबा, आंबट, आंबणे, आंबील, आंबोण हे शब्द आज मराठी माणसाला एकाच कुळातले वाटतात. त्यांतले कोणते आम्राचे आणि कोणते अम्लाचे, हे त्याला सांगता येणार नाही आणि सांगण्याची गरजही नाही. फळाचे नाव आणि चवीचे नाव यांची अशी गाठ पडल्यामुळे 'अंब' हा घटक कोणत्याही आंबट फळास चिकटण्यास मोकळा झाला. 'आम्रातक'चा अंबाडा झाला. अंबाडा योगायोगाने आंब्याच्याच कुलातला आहे. पण रातांबा नाही. 'रक्त'चे प्राकृतात 'रत्त' व जुन्या मराठीत 'राता' म्हणजे तांबडा. 'रक्तालू'पासून रताळे आले ते याच वाटेने. तांबडा आंबा तो रातांबा. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या आंबा आणि रातांबा यांत तेवढेच नाते, जेवढे सफरचंद आणि सीताफळ यांत.

दक्षिणेकडे गेल्यास आणखी एक तऱ्हा दिसते. तमिळ-मलयाळममधील 'पुळि' या शब्दाचा अर्थ आंबटपणा, आणि तोच शब्द चिंचेचाही. मलयाळममध्ये कोकमाच्या जवळच्या जातीचे फळ 'कुडंपुळि', बिमली 'इरुंबन पुळि'. तुळू भाषेत खुद्द कोकमाला 'पुनर्पुळि' आणि कोडगूमध्ये फळाचा रस आटवून केलेले काळे आंबट द्रव्य 'कच्चंपुळि'. कन्नडमध्ये शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाल्यामुळे हाच शब्द 'हुळि' असा ऐकू येतो. युरोपाने एक नमुन्याचे फळ धरून नावे पाडली, द्राविड भाषांनी चव धरून. मराठी दोहोंच्या सीमेवर उभी आहे. तिच्या 'अंबा'त फळही आहे आणि चवही. चिंच मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहिली. संस्कृत 'चिञ्चा' पासून आलेले आपले स्वतंत्र नाव तिने टिकवले, आणि देशावरच्या आमटीत तिचे राज्य आहे.

आता रातांब्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण कोशकाराची खरी परीक्षा येथे आहे. झाड एक, 'गार्सिनिया इंडिका'. पण शब्द किती? पिकलेले ताजे फळ रातांबा. गोव्याकडे व दक्षिण कोकणात तेच भिरंड किंवा भिंड. चैत्र-वैशाखात फळ पिकते. ते फोडून आतला गर व बिया वेगळ्या काढतात. साल वाळवून तयार होते ते आमसूल. गोव्यात नुसते सोल, अनेकवचनी सोलां. केवळ वाळवून भागत नाही. गराच्या रसात मीठ घालतात, साली त्यात बुडवतात, उन्हात घालतात, पुन्हा बुडवतात. अशी पुटे पुष्कळदा द्यावी लागतात, तेव्हा साल काळसर, मऊ आणि टिकाऊ होते. खारवलेला रस वेगळा ठेवला तर ते आगळ. साली साखरेत मुरवून पाझरलेला रस म्हणजे अमृतकोकम, त्याचे सरबत. बियांतून निघणारा घट्ट स्निग्ध पदार्थ मुठीत वळून त्याचे गोळे करतात म्हणून ते मुठेल. थंडीत भेगाळलेल्या टाचांना ते चोळतात. नारळाच्या रसात आगळ किंवा भिजवलेली सोले घातली की सोलकढी. या एका झाडाभोवती निदान सहा-सात शब्दांची सुव्यवस्थित मांडणी आहे, आणि तिच्यातील प्रत्येक शब्द फळाचा भाग, त्याची अवस्था व त्याचे काम यांपैकी काहीतरी नेमके सांगतो.

'आमसूल' या शब्दाची फोड 'आम' आणि 'सोल' अशी करावी लागेल. उत्तरपद 'सोलणे'तील, म्हणजे साल; त्याबद्दल मतभेदास जागा दिसत नाही. पूर्वपद आंब्याचे की आंबटाचे, हा प्रश्न मात्र वर सांगितलेल्या कारणामुळे मराठीच्या आत राहून सुटण्यासारखा नाही. माझा कल 'आंबट साल' या अर्थाकडे आहे, कारण जिनसाची खरेदी-विक्री चवीसाठी होते. संस्कृत वैद्यकात कोकमाशी ज्याची ओळख पटवतात त्या 'वृक्षाम्ल' या नावातही चवच पुढे आहे. पण या नावाचाही भरवसा किती धरावा? अमरकोशाने 'वृक्षाम्ल', 'तिन्तिडीक' आणि 'चुक्र' एकत्र सांगितली आहेत. 'तिन्तिडी' म्हणून पुढे चिंच ओळखली जाते, आणि 'चुक्र' शब्द मराठीत चुका या पालेभाजीवर येऊन थांबला. म्हणजे अमरसिंहाच्या दृष्टीने ही स्वयंपाकातील आंबट द्रव्ये होती. त्यांच्या झाडांची खानेसुमारी करण्याचा त्याचा हेतू नसावा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच्या ओळीवरून औषधाची जुडी बांधणाऱ्याने सावध असावे.

ऑर्ताच्या दहाव्या संवादातील दुसरे फळ ते हेच भिरंड. त्याने त्याचे नाव 'ब्रिंदाँव' असे लिहिले. पोर्तुगीजमध्ये महाप्राण 'भ' नसल्याने 'भि'चा 'बि' झाला, मधला स्वर गळाला आणि शेवटी पोर्तुगीजांच्या आवडीचा अनुनासिक प्रत्यय आला. फळाची आंबट चव, रंगाऱ्यांना होणारा त्याचा उपयोग आणि सालीपासून होणारा शिरका या गोष्टी त्याने टिपल्या आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्यु पेती-थुआर याने या झाडासाठी 'ब्रिंदोनिया' अशी प्रजातीच निर्माण केली. कोकणातल्या परसातला शब्द असा लॅटिन पोशाखात शास्त्राच्या दरबारात गेला. पण १८२४ साली श्वाझी याने झाडाला 'गार्सिनिया'त हलविले आणि भिरंडाचे नाव पुन्हा मागे पडले. 'गार्सिनिया' हे नाव ऑर्ताच्या 'गार्सिया'वरून पडले असावे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः लिनियसने ते लोरां गार्सें या डच कंपनीच्या नोकरीतील निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून दिले. येथेही लोकव्युत्पत्तीच, फरक इतकाच की ती शिकलेल्यांची आहे.

या सर्व चर्चेला केवळ शब्दकुतूहल समजू नये, हे दाखविण्यास 'करमळ' या शब्दाचे उदाहरण पुरे आहे. संस्कृत 'कर्मरंग'. त्यापासून मराठी-कोंकणीत करंबळ, करमळ, करमल अशी रूपे. त्यावरून पोर्तुगीज 'कारांबोला', आणि तेच नाव जगभर गेले. पाच धारांचे, आडवे कापल्यास तारा दिसणारे हे फळ 'अव्हेर्होआ कारांबोला'. पण सह्याद्रीच्या रानात 'करमळ' म्हटले की गावकरी 'डिलेनिया' प्रजातीचे झाड दाखवतो. त्याच्या मोठ्या जातीचे फळही आंबट व स्वयंपाकात घालण्याजोगे असते. दोन भिन्न कुलांतील दोन आंबट फळे, आणि नाव एकच. त्यात बिमलीची भर पडते. मलायी 'बेलिंबिंग'वरून आलेले हे नाव आहे, संस्कृत बिंबाशी त्याचा संबंध नाही. झाड मात्र कारांबोल्याचे सख्खे भावंड. बिमली गोव्याकडे सुकवून सुंगटांच्या कालवणात घालतात, तिचे लोणचेही होते, आणि त्या प्रमाणात ती निरुपद्रवी आहे. परंतु बिमलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. औषध म्हणून तिचा कच्चा रस पेलाभर प्यायल्याने मूत्रपिंडे अकस्मात निकामी झाल्याचे रुग्ण केरळमधील वैद्यांनी २०१३ साली नोंदविले. कारांबोल्यात याशिवाय मज्जासंस्थेवर परिणाम करणारे एक द्रव्य सापडले आहे. ते ब्राझीलमधील संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले व त्याला 'कारांबॉक्सिन' हे नाव दिले. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यास थोडे फळही उचकी, भ्रम, झटके येथपर्यंत नेऊ शकते. आता कोशात 'करमळ : एक आंबट फळ' अशी नोंद असली, आणि घरगुती उपचाराच्या पुस्तकात 'करमळाचा रस घ्यावा' असे वाक्य असले, तर वाचकाने काय करावयाचे? डिलेनियाविषयी लिहिलेले वाक्य तो कारांबोल्याला लावील, आणि कोश त्याला थांबवणार नाही.

म्हणून आंबट फळांच्या नोंदीत चार गोष्टी असल्याच पाहिजेत असे माझे मत आहे : झाडाचे शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, तो ताजा की प्रक्रिया केलेला, आणि स्वयंपाकात त्याचे काम. आपल्या कोशांनी पहिल्या गोष्टीची काळजी बऱ्यापैकी घेतली आहे; शेवटच्या तिहींची क्वचितच. त्यामुळे कोकम, रातांबा, आमसूल व सोल हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून एकमेकांकडे बोट दाखवीत राहतात, आणि वाचक गोल फिरून मूळ ठिकाणी येतो. बाजारातील बाटलीवर व पुडीवर सरसकट 'कोकम' छापले जाऊ लागल्यापासून शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यांना रातांबा आणि आमसूल यांतला भेद सांगावा लागतो, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले. परंतु मानांकनाने एक शब्द सुरक्षित झाला. बाकीचे सहा कोशानेच सांभाळावयाचे आहेत.

आता त्या विद्यार्थिनीच्या 'रातांब्या'कडे. तिने फळाचे काम ओळखले होते : नुसते न खाल्ले जाणारे, हंगामात साठवून वर्षभर पुरवायचे, अन्नाला आंबटपणा व रंग देणारे फळ. इतके साम्य खरे आहे. पण रातांब्याचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा. म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी कुडंपुळिच्या फळातले मुख्य आम्ल हेच असल्याचे १९६५ साली दाखवून दिले आणि कोकमातही तेच आढळते. चिंचेत टार्टारिक, सफरचंदात मॅलिक, रातांब्यात हे. तिन्ही जिभेला आंबट, पण आमटीत चिंच जसा दाटपणा आणते तसा आमसूल आणीत नाही, आणि म्हणूनच पातळ सारासाठी आमसूलच हवे असते. शिवाय आंबट सफरचंदाची जेली थिजते ती त्यातील पेक्टिनच्या बळावर. रातांब्याचा रस साखरेत कितीही ठेवला तरी सरबतच राहतो. कथेतील म्हातारीने बरणी उलटी करून जेली हलत नाही याची खात्री केली, असे पुढच्याच वाक्यात होते. रातांबे घातल्यावर ती बरणी मराठीत सांडली असती. मी तिच्या उत्तरपत्रिकेवर 'आंबट सफरचंदांची जेली' असे लिहून दिले. 'रान' काढले, 'खेकडा' काढला. तिची समासातील टीप मात्र तशीच ठेवून तिला तीन गुण अधिक दिले.